दोघांसाठी एक गादी : अमेरिकेत संसार मांडणाऱ्या दांपत्यांसाठी खरेदीची माहिती

अमेरिकेत नव्याने संसार मांडणारे मराठी दांपत्य मोटार घेण्यापूर्वी महिनाभर माहिती गोळा करते. गादी मात्र एखाद्या सुटीच्या दुपारी वीस मिनिटांत घेऊन मोकळे होते. तो निर्णय कसा होतो हेही बहुधा ठरलेले असते. दोघांपैकी एकजण एका गादीवर क्षणभर आडवा होतो, "ही बरी वाटते" म्हणतो, आणि दुसऱ्याचे उत्तर येते, "तुला आवडली ना? मग मला चालेल." या 'चालेल'ची किंमत पुढे आठ-दहा वर्षे कोणाचा तरी खांदा किंवा कंबर चुकती करीत राहते.

एकट्या माणसाने गादी निवडणे तुलनेने सोपे आहे. दोघांचे वजन, उंची, झोपण्याची कूस, उकाडा सोसण्याची ताकद आणि झोपेच्या वेळा सारख्या नसतात. अशा दोन शरीरांसाठी एकच वस्तू घ्यायची, तर वस्तूची माहिती जितकी आवश्यक तितकेच एकमेकांना स्पष्ट सांगणेही आवश्यक ठरते. अमेरिकेतील मापे, प्रकार, कायदे आणि दुकानदारीच्या रीती यांची ही माहिती त्याच दृष्टीने दिली आहे.

वळकटीपासून डबलबेडपर्यंत

महाराष्ट्रातील घरांत झोपण्याची जुनी व्यवस्था ज्याची त्याची स्वतंत्र असे. खाली सतरंजी, तीवर कापसाची गादी, पांघरायला गोधडी किंवा सोलापुरी चादर. सकाळी या सगळ्याची वळकटी करून ती कोपऱ्यात रचून ठेवायची. गादी दबून गेली की ती पिंजाऱ्याकडे जाई. तो खोळ उसवून, कापूस पिंजून ती पुन्हा भरून देई. गादी किती जाड आणि किती घट्ट हवी, हे भरतानाच सांगता येत असे.

पुढे शहरांतील सदनिकांत डबलबेड आला. त्यावरही पुष्कळ घरांत एक मोठी गादी नसून तीन-तीन फुटी दोन गाद्या शेजारी शेजारी असत. मधली फट गैरसोयीची होती खरी. परंतु एकाने कूस बदलली म्हणून दुसऱ्याची झोप मोडत नसे, आणि एकाची गादी खचली तर तेवढीच बदलता येई.

अमेरिकेत दांपत्याने एकाच अखंड गादीवर झोपण्याची रीत आहे. फोमची गादी पिंजून नवी करता येत नाही. एकदा झोळ पडला की तो कायमचा. म्हणजे पूर्वी जी निवड ज्याची त्याची होती ती आता सामाईक झाली आहे, आणि चुकली तर दुरुस्त करण्याचा जुना उपायही उरलेला नाही.

मापे आणि त्यांचा खरा अर्थ

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. अमेरिकेतील प्रचलित मापे इंचांत अशी आहेत :

ट्विन : ३८ × ७५
ट्विन एक्सएल : ३८ × ८०
फुल : ५४ × ७५
क्वीन : ६० × ८०
किंग : ७६ × ८०
कॅलिफोर्निया किंग : ७२ × ८४

फुल मापाला 'डबल' असेही म्हणतात आणि स्वस्त म्हणून अनेक दांपत्ये तेथूनच सुरुवात करतात. परंतु ५४ इंचांचे दोन भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला २७ इंच येतात. तान्ह्या मुलाच्या क्रिबमधील गादीची रुंदी साधारण तेवढीच असते. क्वीनवर प्रत्येकाला ३० इंच मिळतात. हे मापही मायदेशातील तीन फुटी गादीपेक्षा सहा इंचांनी कमीच आहे. किंगवर मात्र प्रत्येकाला ३८ इंच, म्हणजे एका पूर्ण ट्विनइतकी जागा मिळते.

कॅलिफोर्निया किंग हे नाव ऐकून ती सर्वांत मोठी गादी असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती किंगपेक्षा चार इंचांनी अरुंद आणि चार इंचांनी लांब असते. तिचे एकूण क्षेत्रफळ किंगपेक्षा किंचित कमीच भरते. जोडीदारांपैकी कोणी सहा फुटांहून बराच उंच असेल, तरच तिचा खरा उपयोग.

खोलीचे मापही आधी घ्यावे. दहा फूट रुंदीच्या खोलीत मधोमध किंग ठेवली तर दोन्ही बाजूंना जेमतेम २२ इंच उरतात; क्वीन ठेवली तर ३० इंच. पलंगाची चौकट गादीहून रुंद असेल तर ही जागा आणखी घटते. कपाटाचे दार उघडते का आणि रात्री उठणाऱ्याला अंधारात वाट मिळते का, हे जमिनीवर कागदी चिकटपट्टीने माप आखून पाहणे शहाणपणाचे.

भारतातून आणलेल्या चादरींचाही विचार करावा. भारतात गादीची लांबी ७२, ७५ किंवा ७८ इंच असते आणि जाडी बेताची. येथील गादी ८० इंच लांब आणि पुष्कळदा १० ते १४ इंच जाड असल्याने तिकडच्या मापाने शिवलेल्या, कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलेल्या चादरी तिच्यावर बसत नाहीत. साध्या मोठ्या चादरी मात्र वरून अंथरता येतात.

गादीच्या आत काय असते

बाजारात नावे शेकडो असली तरी मूळ प्रकार मोजके आहेत.

जोडस्प्रिंगांची गादी हा सर्वांत स्वस्त प्रकार. यात सर्व स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात. एक दबली की शेजारच्याही ओढल्या जातात. त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हेलकावा बसतो.

पॉकेट स्प्रिंगांच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत शिवलेली असते आणि स्वतंत्रपणे दबते. कॅनडातील जेम्स मार्शल यांनी १९००च्या सुमारास ही रचना पुढे आणली. १९२५ मध्ये सिमन्स कंपनीने तिचे यंत्रावर उत्पादन सुरू केले आणि ती सामान्य घरांपर्यंत पोहोचली. वजनात बराच फरक असलेल्या दोघांसाठी हा प्रकार उपयोगी, कारण जड व्यक्तीच्या बाजूला पडणारा उतार यात कमी जाणवतो.

मेमरी फोमचा उगम १९६६ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी केलेल्या कामात आहे. विमानातील आसने अधिक सुरक्षित आणि सुखकर करणे हा त्यामागचा हेतू होता. शरीराच्या उष्णतेने आणि वजनाने हा फोम हळूहळू आकार घेतो आणि सावकाश पूर्ववत होतो. शेजारच्याची हालचाल तो उत्तम शोषून घेतो. मात्र तो उष्णता धरून ठेवतो, आणि त्यात रुतल्यासारखे वाटत असल्याने कूस बदलणे काहींना जड जाते.

लेटेक्स म्हणजे रबराच्या चिकापासून किंवा कृत्रिम रबरापासून केलेला फोम. डनलॉप पद्धत १९२९ पासूनची. तलालाय ही नंतरची, अधिक हलकी वीण देणारी पद्धत. लेटेक्स चटकन उसळी घेतो, तुलनेने कमी तापतो आणि टिकाऊ असतो. मात्र तो वजनदार आणि महाग पडतो. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

हायब्रिड म्हणजे खाली पॉकेट स्प्रिंगा आणि वर फोम किंवा लेटेक्सचा थर. हालचाल कमी पोहोचणे, हवा खेळणे आणि कडेला आधार मिळणे या तिन्ही गोष्टी त्यात बऱ्यापैकी साधतात. म्हणून दांपत्यांना हा प्रकार पुष्कळदा सुचवला जातो.

'टणक तेच पाठीला चांगले' हा समज

मराठी घरांत पाठदुखीवरचा पहिला सल्ला ठरलेला असतो : फळीवर झोपा, नाहीतर सरळ जमिनीवर. त्यामुळे दोघांत मतभेद झाला की टणक गादी मागणाऱ्याचा शब्द शास्त्रीय आणि मऊ मागणाऱ्याचा लाडावलेला ठरतो.

या समजाची एक चांगली परीक्षा स्पेनमध्ये झाली. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विशिष्ट कारण न सापडणाऱ्या, जुनाट कंबरदुखीच्या ३१३ प्रौढांपैकी काहींना टणक आणि काहींना मध्यम टणक गाद्या देण्यात आल्या. कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितले नव्हते. ९० दिवसांनंतर अंथरुणातील वेदना, उठताना होणारी वेदना आणि दैनंदिन हालचालींतील अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांची स्थिती अधिक सुधारलेली आढळली. हा अभ्यास कंबर दुखणाऱ्यांपुरता होता. निरोगी माणसाने अमुकच गादी घ्यावी असे त्यावरून ठरत नाही. मात्र पाठीचे नाव घेऊन टणक गादीचा हट्ट धरण्याला त्यात आधार नाही, एवढे निश्चित.

झोपण्याच्या पद्धतीनुसार गरज बदलते. कुशीवर झोपणाऱ्याचा सारा भार खांदा आणि नितंब यांवर येतो. त्यांना थोडे आत जाऊ देणारा मऊ थर त्याला लागतो. पालथे झोपणाऱ्याला मऊ गादी घातक, कारण पोट खाली जाऊन कंबर वाकते. पाठीवर झोपणारा मध्ये कोठेतरी असतो. जड व्यक्ती गादीत अधिक खोल जाते, हलकी व्यक्ती वरच्या वर राहते. म्हणून एकच गादी दोघांना वेगवेगळी वाटते. पतीला 'मध्यम' वाटणारी गादी त्याच्याहून बरीच हलकी असलेल्या पत्नीला दगडासारखी लागते, ही तक्रार नाजूकपणाची नसून वजनाच्या साध्या हिशेबाची आहे.

दुकानांतील १ ते १० ही टणकपणाची मोजणी सर्वांना समान नसते. एका कंपनीची ६ दुसऱ्या कंपनीच्या ७ सारखी असू शकते. आकडा केवळ त्या कंपनीच्या गाद्यांची आपसांत तुलना करण्यापुरता धरावा.

निघण्यापूर्वी दोघांनी लिहून काढावे

दुकानात विक्रेत्यासमोर मोकळेपणे बोलणे अवघड जाते. त्यामुळे निघण्यापूर्वी दोघांनी पुढील प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या कागदांवर लिहावी आणि मगच एकमेकांना दाखवावी.

१. झोप लागताना आणि जाग येताना शरीर कोणत्या कुशीवर असते?
२. सकाळी कोठे दुखते? ते दुखणे अर्ध्या-पाऊण तासात जाते की दिवसभर राहते?
३. हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे याहून चांगली झोप लागल्याचे आठवते का? ती गादी कशी होती?
४. रात्री उकडते की थंडी वाजते?
५. जोडीदाराच्या हालचालीने जाग येते का?
६. कोणत्या एका गोष्टीवर तडजोड शक्य नाही?

तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. दुसऱ्या गादीवर दुखणे थांबत असेल तर दोष घरच्या गादीत असण्याची शक्यता मोठी. सगळीकडे दुखत असेल तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे. जोडीदार मोठ्याने घोरतो, मध्येच त्याचा श्वास अडकतो आणि दिवसा त्याला पेंग येते, अशी लक्षणे असतील तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. कोणतीही गादी त्यावर उपाय नाही.

पाचव्या प्रश्नाला परदेशस्थ घरांत आणखी एक पदर आहे. दोघांपैकी एकाचे काम भारतातील सहकाऱ्यांशी जोडलेले असेल तर रात्री उशिरा झोपणे किंवा पहाटे उठणे रोजचेच होते. अशा घरात हालचाल न पोहोचवणारी, कडेला भक्कम आधार देणारी गादी ही चैन राहत नाही.

दुकानात गेल्यावर

पादत्राणे काढून, नेहमीच्या कुशीवर, दोघांनी एकाच वेळी झोपावे. एका गादीवर किमान दहा ते पंधरा मिनिटे काढावी. उशीमुळे मानेची ठेवण बदलते, म्हणून घरची उशी बरोबर नेणे उत्तम. विक्रेता जवळ उभा असेल तर थोडा वेळ एकटे सोडण्याची विनंती करण्यात काहीच गैर नाही.

दोघे झोपलेले असताना एकाने चार वेळा कूस बदलावी, उठून पुन्हा झोपावे. दुसऱ्याने डोळे मिटून काय जाणवते ते पाहावे. मग उलट करावे. प्रत्येकाने कडेवर बसून पाहावे आणि अगदी कडेला झोपूनही पाहावे. कड खचणारी गादी कागदावर ६० इंच असली तरी वापरात तिची रुंदी कमीच मिळते.

यानंतरची पायरी बहुतेक जोडपी गाळतात. एकमेकांचे मत ऐकण्यापूर्वी प्रत्येकाने त्या गादीला दहापैकी गुण लिहावे. मोठ्याने बोललेले पहिले मत दुसऱ्याचे मत घडवते; लिहिलेला आकडा तसा हलत नाही. ज्या गादीला एकाने ९ आणि दुसऱ्याने ४ दिले तिच्यापेक्षा दोघांनी ७ दिलेली गादी घ्यावी. सरासरीकडे न पाहता कमी गुणांकडे पाहावे, कारण तो कमी गुण देणाराही तिच्यावर रोज रात्री झोपणार असतो.

किंमत, नावे आणि हप्ते

क्वीन मापाची गादी काही शे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत मिळते. एकच कारखानदार थोड्याफार फरकाने तीच गादी निरनिराळ्या दुकानसाखळ्यांना निरनिराळ्या नावांनी पुरवतो. त्यामुळे 'हीच गादी अन्यत्र स्वस्त मिळाल्यास फरक परत' हे आश्वासन प्रत्यक्षात क्वचितच वापरता येते. नावांची तुलना सोडून थरांची तुलना करावी : स्प्रिंगा कोणत्या प्रकारच्या, वरचा फोम किती इंच आणि किती घनतेचा, एकूण जाडी किती. ही माहिती न देणाऱ्या दुकानातून उठणे बरे.

प्रेसिडेंट्स डे, मेमोरियल डे, चार जुलै, लेबर डे आणि ब्लॅक फ्रायडे या सुट्यांना सवलती जाहीर होतात. वर्षभरात त्या इतक्या वेळा येतात की 'आजच शेवटचा दिवस' या घाईला बळी पडण्याचे कारण नाही. दुकानात भाव करण्यास वाव असतो. निदान उश्या, गादीचे संरक्षक आवरण, घरपोच सेवा किंवा जुनी गादी नेण्याचे शुल्क यांवर जरूर बोलावे.

शून्य व्याजाच्या हप्त्यांचा करार नीट वाचावा. व्याज 'पुढे ढकललेले' असेल, तर मुदतीअखेर थोडी रक्कम जरी राहिली तरी खरेदीच्या दिवसापासूनचे सर्व व्याज एकदम आकारले जाते. नव्याने क्रेडिट इतिहास घडवणाऱ्यांना हा फटका विशेष महागात पडतो.

विद्यार्थिदशेतील सवयीने रस्त्याकडेला ठेवलेली किंवा फुकट मिळणारी जुनी गादी आणण्याचा मोह काहींना होतो. तिच्याबरोबर ढेकूण घरात येऊ शकतात, आणि त्यांच्या निर्मूलनाचा खर्च नव्या गादीहून अधिक होऊ शकतो.

चाचणीचा काळ, वॉरंटी आणि ती प्रसिद्ध चिठ्ठी

ऑनलाइन मिळणाऱ्या, खोक्यात गुंडाळून येणाऱ्या बऱ्याच गाद्यांना १०० रात्री किंवा त्याहून अधिक चाचणीचा काळ असतो. तोंडी आश्वासनावर न थांबता चार गोष्टी लेखी पाहाव्या : पैसे परत मिळतात की केवळ बदलून गादी मिळते, परतीचे शुल्क किती, परत करण्याआधी किती रात्री वापरणे सक्तीचे आहे, आणि गादी नेण्याची व्यवस्था कोण करतो. नव्या गादीची सवय होण्यास काही आठवडे लागतात. खोक्यातून काढलेल्या गादीला सुरुवातीस वास येतो. खिडक्या उघड्या ठेवून तिला दोन-तीन दिवस वारा द्यावा.

वॉरंटी दहा किंवा वीस वर्षांची असली तरी ती दोषांपुरती असते, सोयीपुरती नव्हे. झोळ किती खोल पडल्यावर दावा मान्य होईल हे करारात लिहिलेले असते. बहुधा ती मर्यादा पाऊण ते दीड इंच असते. गादीवर डाग असल्यास पुष्कळ कंपन्या दावा नाकारतात, म्हणून पहिल्या दिवसापासून धुण्याजोगे जलरोधक आवरण घालावे. क्वीन आणि किंगच्या पलंगाला मधोमध आधाराचा पाय असावा, ही अटही सर्वसाधारण आहे.

गादीला शिवलेल्या चिठ्ठीवर ती काढल्यास कायदेशीर कारवाईचा इशारा असतो आणि नवागत तिला घाबरतात. तो इशारा विक्रेत्यांसाठी आहे. ग्राहक ती काढू शकतो. तरीही काढू नये, कारण वॉरंटीचा दावा करताना कंपन्या ती मागतात. आतला माल संपूर्ण नवा आहे की नाही, हेही त्याच चिठ्ठीवर छापलेले असते.

१ जुलै २००७ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाद्यांना उघड्या ज्वाळेच्या चाचणीचा संघराज्यीय नियम लागू आहे. ज्वाळा लावल्यावर ३० मिनिटांच्या चाचणीत उष्णतेचा कमाल वेग २०० किलोवॅटपेक्षा अधिक नसावा, हा त्याचा गाभा. ही अट पुरी करण्यासाठी काही स्वस्त गाद्यांत वरच्या आवरणाखाली काचतंतूंचा थर असतो. आवरणाला चेन आहे म्हणून ते काढून धुतल्यास हे तंतू घरभर पसरू शकतात. त्वचा आणि श्वसनमार्ग यांना त्यांचा त्रास होतो आणि घर स्वच्छ करणे अतिशय कठीण जाते. 'आवरण काढू नये' अशी सूचना असेल तर ती काटेकोर पाळावी आणि खरेदीपूर्वीच काचतंतूंविषयी स्पष्ट विचारावे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून त्या राज्यात काचतंतू असलेल्या गाद्या विकता येणार नाहीत.

सर्टिपूर-यूएस हे प्रमाणपत्र फोममधील काही घातक रसायनांच्या अभावाविषयी आणि बाहेर पडणाऱ्या वायूंच्या मर्यादेविषयी आहे. गादी आरामदायक किंवा टिकाऊ आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

पलंग, पाहुणे आणि बाळ

गादी जड आणि अवाढव्य असते. जुन्या इमारतींतील वळणाच्या जिन्यातून क्वीनचे एकसंध बॉक्स स्प्रिंग वर जात नाही, हा अनुभव सर्वश्रुत आहे. दोन तुकड्यांत येणारे मागवता येते. फोमच्या आणि हायब्रिड गाद्यांना बहुधा बॉक्स स्प्रिंगची गरज नसते. जवळजवळ बसवलेल्या पट्ट्यांचा पलंग पुरतो. गादी थेट जमिनीवर ठेवल्यास खालून हवा न खेळल्याने ओल धरते आणि बुरशी येते.

भारतातून आई-वडील येऊन सहा-सहा महिने राहतात, तेव्हा उंचीचा प्रश्न पुढे येतो. १४ इंचांची गादी, खाली ९ इंचांचे बॉक्स स्प्रिंग आणि त्याखाली चौकट, अशा पलंगावर बसताना बेताच्या उंचीच्या ज्येष्ठांचे पाय अधांतरी राहतात. कडेवर बसल्यावर तळवे जमिनीला टेकून गुडघे काटकोनात येतील, अशी उंची त्यांना सोयीची.

मूल होणार म्हणून किंग घ्यावी, बाळ मध्ये झोपेल, असाही विचार होतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची शिफारस वेगळी आहे : तान्ह्या बाळाने आई-वडिलांच्याच खोलीत, परंतु वेगळ्या, सपाट आणि टणक पृष्ठभागावर, पाठीवर झोपावे. प्रौढांची मऊ गादी, उश्या आणि पांघरुणे बाळाच्या श्वासाला धोकादायक ठरतात. त्यामुळे मोठ्या गादीचे माप ठरवताना क्रिबची जागा आधीच वगळून ठेवावी.

जुन्या गादीचे काय करावे

कॅलिफोर्निया, कनेटिकट, ऱ्होड आयलंड आणि ओरेगन या राज्यांत गाद्यांच्या पुनर्वापराचे कायदे आहेत. नव्या गादीच्या पावतीवर त्यासाठीचे शुल्क वेगळे दाखवलेले असते आणि त्या निधीतून जुन्या गाद्या स्वीकारणारी केंद्रे चालतात. पोलाद, फोम, कापूस आणि लाकूड वेगळे करून त्यांचा पुन्हा उपयोग होतो. अन्य राज्यांत शहराच्या कचरा विभागाचे नियम पाहावे. गादी परस्पर रस्त्यावर टाकल्यास दंड होऊ शकतो.

एकमत होतच नसेल तर

सर्व प्रयत्न करूनही एकाला टणक आणि दुसऱ्याला मऊ गादीच हवी असेल, तर एकाने गप्प बसणे हा उपाय नव्हे. दोन ट्विन एक्सएल शेजारी ठेवल्या की ७६ × ८० इंच, म्हणजे बरोबर किंगचे माप होते. यालाच स्प्लिट किंग म्हणतात. प्रत्येकाने आपल्या पसंतीची गादी घ्यावी. मधली फट भरण्यासाठी पट्टी मिळते आणि वरून एकच चादर घालता येते. दोन्ही गाद्यांची जाडी सारखी असावी, एवढे पाहावे. तीन-तीन फुटी दोन गाद्यांच्या मराठी डबलबेडहून ही व्यवस्था मुळात वेगळी नाही. जर्मनीत आणि उत्तर युरोपातही दांपत्याच्या पलंगावर दोन गाद्या किंवा दोन वेगळी पांघरुणे असणे नेहमीचेच आहे. उकाडा आणि थंडी यांवरून होणारे वाद तर केवळ दोन पांघरुणांनी मिटतात.

स्प्लिट किंग परवडत नसेल वा खोलीत मावत नसेल, तर दोघांना पुरेशी टणक वाटणारी गादी घेऊन ज्याला मऊ हवे त्याच्या बाजूला दोन-तीन इंचांचा फोमचा थर टाकता येतो. टणक गादी वरून मऊ करता येते. मऊ गादी टणक करता येत नाही. शंका असल्यास किंचित टणक बाजूला झुकावे, याचे कारण इतकेच.

गादी घरी आल्यावरही निर्णय पुरा झालेला नसतो. परतीची मुदत संपण्याच्या दोन आठवडे आधीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. त्या दिवशी दोघांनी पुन्हा एकदा वेगवेगळ्या कागदांवर गुण द्यावे आणि पहिल्या कागदाशेजारी ठेवून पाहावे. कोणाचा आकडा घसरला असेल तर खोके फेकले, पैसे गेले, आता कशाला, असे म्हणून विषय मिटवू नये. गादी परत करण्याचा हक्क त्या दिवसापर्यंत शाबूत असतो, आणि तो वापरण्यासाठी दोघांपैकी एकाची तक्रार पुरेशी असावी.